एक सुळा तिचा

चंद्रपूर
१२ जानेवारी १९९७

दसरू भाऊले कमर पेंटरचा जोहार.

काल मुबीन व्हिडिओवाला दुकानावर आला आणि चहा अर्धा ठेवून सांगत बसला. धानोऱ्याच्या बाजारात त्याले कोणीतरी सांगतलं म्हणे, की तुमच्या गावात तुझ्या बायकोले, सुकरीबाईले, विहिरीवर पाणी भरू देऊन नाई राह्यले. लोकं म्हणतेत, ती रक्त पिणारी आहे. मी म्हटलं, काय पिऊन आला बे सकाळी सकाळी? तं तो म्हणे, "पेंटर, हसू नको. ते तुझ्या पोस्टरचं नाव घेऊन राह्यले."

म्हणून लिहितो. खरं काय ते तुले लिहून देतो, म्हणजे तू गावची देवपूजा करणाऱ्या गायत्याले नीट समजावून सांगशीन.

मुबीनच्या व्हिडिओ-तंबूचं पहिलं पोस्टर तुले आठवत असन, त्याची बांबूची फ्रेम तूच ठोकली होती. विलायती रक्तपिशाच. काळा डगला, उभी कॉलर, केस तेल लावून मागं फिरवलेले, ओठाच्या कोपऱ्यातून लाल धार. माझ्या उस्तादनं मले तसाच शिकवला आणि त्याले त्याच्या उस्तादनं. पन्नास वर्षं तोच डगला चालला. मुबीननं ते बाजारात लावलं तं लोकं हसू हसू बेजार. बायका विचारे, हा कोणाच्या वरातीतला बँडवाला व्हय? तंबूत टीव्हीवर त्यानं पोरीच्या मानेले तोंड लावलं, तं मागून एक जण म्हणे, "मफलर द्या रे त्याले, थंडी वाजून राह्यली." दोन बाजारात मुबीनचा तंबू बसला.

मग तो माझ्यामागं लागला. म्हणे, "गोऱ्या माणसाले कोण भिते पेंटर? आपल्या लोकाले आपलीच भीती वाटते. कोट-बिट काढून टाक. बाई दे. लुगडं नेसलेली, जंगलात उभी, शेजारच्या घरची वाटली पाहिजे." मी बाई दिली. मोहाचं झाड, त्याच्या खाली बाई, केस मोकळे, दोन्हीकडं सुळे, हनुवटीपर्यंत लाल. मांजरपाटावर, सात फूट. दोन वर्षं ते पोस्टर बाजारोबाजारी फिरलं आणि एकही माणूस हसला नाई. मले त्याचा गर्व होता, खोटं कशाले बोलू.

पण तो चेहरा कोणाचाच नाई, भाऊ. मनातला आहे. पेंटर लोकं असेच चेहरे काढतेत, एकाचं नाक, दुसऱ्याचं कपाळ. सुकरीबाईचा त्यात काई संबंध नाई. आणि ती तापवाल्या कर्मचाऱ्यासंग गावोगाव फिरते, त्याचं बोलणं गोंडीत सांगते, लेकरू रडलं तं त्याचं बोट धरते. काचेवर रक्ताचा थेंब घेतेत ते काय पिण्यासाठी? तपासाले जाते ते. गेल्या पावसाळ्यात तुमच्याकडं लेकरं गेली, फार वाईट झालं. पण जिथं थेंब घेतला तिथंच लेकरू गेलं, असं लोकं म्हणत असन तं त्यायले सांग, थेंब तापाच्याच घरी घेतेत ना. पाऊस आला म्हणून छत्री उघडतेत, छत्री उघडली म्हणून पाऊस नाई येत.

तुझी पोरगी रंजीता आता चार वर्षाची झाली असन. तिले माझा पापा. उत्तर गुरुजीकडून लिहून घे.

तुझा कमर

*

चंद्रपूर
९ मार्च १९९७

दसरू भाऊले जोहार.

तुझं उत्तर नाई आलं. मी दोन महिने वाट पाहिली आणि त्या दोन महिन्यात मले समजलं की उत्तर काऊन नाई. मागच्या चिठ्ठीत मी खोटं लिहिलं. तुले ते कळलं असन. तू पोस्टर पाहिलं होतं.

तो चेहरा सुकरीबाईचाच आहे.

तू माझ्याकडं कामाले होता आणि तुम्ही दुकानामागच्या खोलीत राहत होते, त्या तीन वर्षातलं सांगतो. दुपारी ती तुझा डबा घेऊन यायची आणि माझं काम पाहत उभी राहायची. माझ्या हिरोयले नावं ठेवायची. "पेंटर, ह्या माणसाले मानच नाई दिली तुम्ही, बिचारा पाणी कसं पिईन?" असं म्हणून हसायची. आमच्या घरातल्या बाया तोंडावर ओढणी घेऊन हसतेत. सुकरीबाई पूर्ण हसायची, हात न लावता, आणि तेव्हा तिचा तो वरचा दात दिसायचा, शेजारच्या दातावर चढलेला सुळा. मले ते हसणं आवडे. एवढंच. यापुढं मी काई लिहीत नाई, कारण यापुढं काई नव्हतं. असलं तरी माझ्यापाशीच होतं.

मुबीननं बाई मागितली तं आठ दिवस चेहराच येऊन नाई राह्यला. ज्या बाईले पाहून भीती वाटते अशी एकही बाई मले आठवे ना. मग ब्रश आपोआप त्या दातावर गेला. म्हटलं, सुळा तं सुळा, पिशाचाले पाहिजेच. एक होता, त्याच्या जोडीले दुसरा काढला. मग ओठ आले, मग डोळे. मले कळत होतं मी कोणाले काढून राह्यलो. हात थांबवला नाई. तुमच्या गावापर्यंत ते पोस्टर कुठी जाते, असं वाटलं. बाजार फिरतो हे पेंटरच्या डोक्यात आलं नाई.

आता ऐक. मी मुबीनकडून ते पोस्टर वापस आणलं. दुकानामागं नेलं, रॉकेल टाकलं आणि जाळलं. पूर्ण. फ्रेमसकट. आता ते जगात कुठीच नाई. तू निश्चिंत राहा आणि सुकरीबाईलेही सांग.

आणि दुसरी गोष्ट. ही चिठ्ठी तू घरात वाचून नको घेऊ. गुरुजीले सांग, गावासमोर वाचा. गायत्याले बसव, ज्यायची लेकरं गेली त्यायले बसव. साऱ्यायले ऐकू दे, की चेहरा काढणारा कमर पेंटर आहे, चूक त्याची आहे, बाईची नाई. मी मुद्दाम अक्षर मोठं आणि सुटं काढलं, गुरुजी कुठी अडखळू नये म्हणून. दुकानाची पाटी रंगवावी तसं काढलं. मी स्वतःच आलो असतो, पण निवडणुकीच्या भिंती रंगवणं आताच संपलं आणि अंगात कणकण आहे. पुढच्या महिन्यात येतो.

तुझा गुन्हेगार
कमर

*

चंद्रपूर
२० जानेवारी १९९८

दसरू,

तुझं कार्ड दिवाळीनंतर भेटलं. अडीच महिने झाले, खिशातच आहे. तू लिहू नको म्हटलं तरी लिहून राह्यलो, कारण मले दुसरं काई सुचत नाई.

कार्डावर पाच ओळी आहेत. मले पाठ झाल्या. "तुमची चिठ्ठी गावासमोर वाचली. गायता म्हणाला, पाहा, शहरातल्या पेंटरलेही तिचं खरं रूप दिसलं होतं. चिठ्ठी मी चुलीत टाकली. सुकरी भादव्यात वारली. आता चिठ्ठी पाठवू नका." आणि खाली गुरुजीनं आपल्या मनानं एक ओळ जोडली आहे. "आपले अक्षर फार सुंदर आहे."

तोपर्यंत लोकं नुसतं कुजबुजत होते, हो ना? नुसतं वाटत होतं, की त्या पोस्टरवरची बाई सुकरीसारखी दिसते. पक्कं कोणाले माहीत नव्हतं. मी लिहून दिलं. मोठ्या अक्षरात, सुटं सुटं, सही करून. कोणी साक्ष मागितली नव्हती आणि मी साक्ष दिली.

बाकीचं मले मुबीननं सांगतलं. चिठ्ठी वाचली त्याच दिवशी तिले गावाबाहेर काढलं. भावाच्या घरी गेली, तं भावानं गोठ्यात जागा दिली. भादव्यात ताप आला. तापवाला कर्मचारी त्या गावात आला होता म्हणे, पण त्याले कोणी गोठा दाखवला नाई. इतक्या लेकरांचं बोट धरलं तिनं, तिचं बोट धराले कोणी नव्हतं. काचेवर एक थेंब घेतला असता तं गोळ्या भेटल्या असत्या. ती वाचली असती, दसरू. मलेरियाच होता तो.

तू तिच्यासंग काऊन नाई गेला?

हे विचाराचा मले हक्क नाई. वरची ओळ खोडणार होतो, मग राहू दिली. तूही मले विचार. विचार, की पेंटर, पुढच्या महिन्यात येतो म्हटलं होतं, तं काऊन नाई आला? त्याचं उत्तर माझ्यापाशी आहे. मी आलो होतो. एप्रिलमध्ये. धानोऱ्याच्या स्टँडवर उतरलो, दोन कप चहा प्यालो, तुमच्या गावाकडं जाणाऱ्या दोन माणसायले बोलताना ऐकलं, "चंद्रपूरचा पेंटर सापडला तं त्यालेही विचारू, की तुले कसं दिसलं?" आणि मी वापसीच्या गाडीत बसलो. तेव्हा सुकरीबाई जित्ती होती. तिच्या भावाचं गाव तिथून चार कोसावर होतं.

तुमच्या गावाले मी काय म्हणू? भीती तं इथूनच गेली होती, सात फुटाची, फ्रेममध्ये ठोकून.

कमर

*

चंद्रपूर
२ जून २००३

दसरू,

पाच वर्षं मी तुझं ऐकलं. आज राहावलं नाई.

आमचा धंदा गेला. आता फ्लेक्स आला आहे, कॉम्प्युटरवर चेहरा आणि मशीनमधून दहा फूट बाहेर. घाम नाई, ब्रश नाई. मी गाडीच्या नंबरप्लेटा लिहितो आणि कबरीच्या दगडावर नावं. चांगलंच झालं. माझ्या हातानं आता फक्त आकडे आणि मेलेल्यांची नावं निघतेत, त्यात कोणाचं वाईट होत नाई.

पण तुले सांगाचं वेगळंच होतं. काल घरी केबलवर हिंदीत बोलणारा एक विलायती पिक्चर चालू होता. त्यातला माणूस रक्तपिशाच आहे आणि तोच हिरो. डगला गेला, आता कातड्याचा कोट, काळा चष्मा, दोन हातात दोन बंदुका. तो आपल्याच जातीच्या पिशाचायले मारून माणसायले वाचवते. मोहल्ल्यातली पोरं टाळ्या पिटून राह्यली होती. माझी लहानी शाजिया म्हणे, "अब्बू, तो वाईट नाई. त्याले मनातून दुःख आहे."

मी उठून बाहेर ओट्यावर बसलो. दुःख आहे म्हणून माफ. ज्यानं पिक्चरभर मुडदे पाडले त्याले दुःख आहे म्हणून माफ. सुकरीबाईले दुःख आहे का, हे कोणी विचारलं होतं? तिनं कोणाचा थेंबही आपल्यासाठी घेतला नाई.

सहा वर्षं ती थांबली असती तं कदाचित लोकं भ्यालेच नसते. पण माणूस पिक्चर बदलाची वाट पाहत जगू शकत नाई.

कमर

*

चंद्रपूर
२८ ऑक्टोबर २०१०

दसरू,

ही चिठ्ठी टपालानं येणार नाई. तुझी रंजीता घेऊन येईन.

ती माझ्या दुकानात आली होती, पंधरा दिवस झाले. पांढरे कपडे, वेणी वर बांधलेली. इथी नर्सचं शिकून राह्यली, हे मले माहीतच नव्हतं. दारात उभी राहून म्हणे, "कमर पेंटर तुम्हीच का?" मी हो म्हटलं तं पिशवीतून माझ्या तीन चिठ्ठ्या काढून टेबलावर ठेवल्या. तू छपराच्या बांबूत खोचून ठेवल्या होत्या म्हणे. पहिली सोडली तं बाकी दोन्ही फोडल्याही नव्हत्या. उन्हाळ्यात घर शाकारताना तिले सापडल्या. तिनं फोडल्या, वाचल्या. दुसरी नव्हती, जी तू चुलीत टाकली.

मले वाटलं, आता ही पोरगी थुंकन माझ्यावर. मी मान खाली घालून बसलो. तिनं स्टूल ओढलं आणि बसली.

शाजिया तिथंच होती. तिचंही सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं तुले समजणार नाई. शाजियाच्या कपाटावर एका पोराचं पोस्टर लागलं आहे. गोरापान, ओठ लाल, केस भिजलेले, जंगलात उभा. मले कितीतरी दिवस वाटे शाम्पूची जाहिरात आहे. मग समजलं, रक्तपिशाच आहे म्हणे. पण आता तो रक्त पीत नाई. ज्या पोरीवर जीव आहे तिले इजा होऊ नये म्हणून झुरते. कॉलेजातल्या साऱ्या पोरी त्याच्यावर मरतेत. गॅदरिंगमध्ये शाजियानं प्लास्टिकचे सुळे लावले, ओठाखाली लाल रंग लावला आणि पहिला नंबर आणला. मोहल्ल्यातल्या बाया पाहाले आल्या, म्हणे, "किती गोड दिसून राह्यली पोरगी." कोणी तिचं पाणी बंद केलं नाई. मी लावून दिला होता तो रंग. तिनं हट्ट केला. मी तो दोनदा पुसून काढला, तं म्हणे, "अब्बू, तुम्हाले जमत नाई का?"

असो. रंजीता बसली आणि म्हणाली, "काका, मले मायचा आवाज थोडा थोडा आठवते. चेहरा नाई आठवत. घरात फोटो नाई. बाबा तिचं नाव काढत नाई. तुम्ही काढलं होतं ना तिले? ते पोस्टर मले द्या."

मी म्हटलं, "पोरी, ते कसं मागतं? त्यात तिच्या तोंडाले रक्त आहे."

ती म्हणे, "असू द्या. मी रोज रक्तच पाहते. माय तं आहे ना त्यात."

शाजियाही म्हणे, "दे दो ना अब्बू, किती भारी दिसत असन."

त्यायच्यासाठी तसंच आहे, दसरू. त्यायले त्यात भेवाचं काई दिसतच नाई. पिशाच त्यायच्या लेखी दुखावलेला माणूस आहे, देखणा. ज्या गोष्टीनं सुकरीबाई गेली ती गोष्ट आता पोरी कपाटावर लावतेत. मी ते पोस्टर जाळलं नसतं, नुसतं गुंडाळून माळ्यावर टाकलं असतं, तं त्या दिवशी खाली काढलं असतं आणि पुसून तिच्या हातात दिलं असतं. साऱ्या जगात सुकरीबाईचं तेवढंच एक चित्र होतं. मी तुले अभिमानानं लिहिलं होतं, फ्रेमसकट जाळलं म्हणून. चिठ्ठी तू जाळली, पोस्टर मी जाळलं. दोघं मिळून तिचं काई ठेवलं नाई आपण.

मी रंजीताले सांगतलं, जाळलं. ती रडली नाई. चिठ्ठ्या होत्या तशा घडीवर घडी घालून पिशवीत ठेवल्या. मग म्हणे, "मग आठवून काढा. तेव्हा सात फुटाचं काढलं होतं, मले वीतभर काढून द्या. दिवाळीले घरी जाते, तेव्हा नेते."

पंधरा दिवस झाले. दुकान बंद करून काढत बसलो आहे. कपाळ येते, नाक येते, केसही येतेत, पण डोळे काढले की ती पोस्टरमधली बाई पाहाले लागते. मी पुसतो, पुन्हा काढतो, पुन्हा तीच. जी बाई माझ्या दुकानात उभी राहून हसायची, तिचा चेहरा माझ्या हातातून गेला आहे. मी काढलेली तेवढी उरली. मग म्हटलं, जिथून तेव्हा सुरुवात केली होती तिथूनच करू. दातापासून. सुळ्यापासून. तो जागेवर बसला तं हसणं येईन, हसणं आलं तं डोळे येतीन.

आणि तिथंच अडलो. पोस्टरवर मी दोन्हीकडं सुळे काढले होते. एक तिचा होता आणि एक मी जोडला होता. आता कोणता तिचा आणि कोणता माझा, तेच आठवत नाई. डावा काढला तं वाटते, हाच. उजवा काढला तरी वाटते, हाच. रंजीताले विचारलं, तं तिचे दात तुझ्यासारखे सरळ आहेत, तिले काय माहीत? तेरा वर्षांनी हे सांगाले तू एकटाच उरला.

ती ही चिठ्ठी तुले वाचून दाखवीन. गावासमोर नाई. घरात, दार लावून. मी तिले तसं शपथेवर सांगतलं आहे. मले माफ कर असं मी लिहीत नाई, तेवढी लाज उरली आहे. तू लिहून पाठवू नको. माझं नावही घेऊ नको. ऐकून झालं, की पोरीसमोर फक्त आपल्या तोंडाले बोट लाव, ज्या बाजूले सुकरीबाईचा दात होता तिथी. ती येऊन मले सांगन.

दुसऱ्या बाजूचा माझा होता.

कमर